गरम इंजिन, सुस्त सेल्फ आणि डीसी क्लॅम्प मीटर: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

माझ्याकडची गाडी १९७३ सालची आहे. चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, मूळचा अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यावर वीज करून बॅटरी भरणारे जनित्र) आणि मागे डिकीत बसवलेली बॅटरी. थंड असताना ती पहिल्या झटक्यात सुरू होई. तासभर चालवून कुठे दहा-पंधरा मिनिटे थांबले, की मात्र सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, अर्धा फेरा घेऊन अडखळे, किल्ली पुन्हा फिरवली तर कधी नुसता ‘टक’ असा आवाज येई, आणि पाऊण तासाने इंजिन निवले की तोच सेल्फ काही घडलेच नसल्यासारखा जोमाने फिरे. शिवाय गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली असे. या दोन तक्रारींवर एका गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली गेली, मग सेल्फ उघडून त्याचे ब्रश आणि बुश बदलले गेले, आणि शेवटी अल्टरनेटर बदलण्याचा सल्ला मिळाला. या सगळ्या काळात गाडीला मीटर एकदाच लागला, तोही थंड इंजिनावर आणि फक्त बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. अल्टरनेटरला हात लावण्याआधी मी एक डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा मिटून तिच्यातला करंट मोजणारा मीटर, घेतला. त्याला आता वर्ष होऊन गेले आहे आणि हे परीक्षण त्याचेच आहे. मेकचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच क्षमतेचे मीटर अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष त्या साऱ्याच प्रकाराला थोड्याफार फरकाने लागू पडतात.

मीटर मध्यम दर्जाचा आहे. करंटसाठी ४० आणि ४०० अँपियर असे दोन पल्ले आहेत, लहान पल्ल्यात ०.०१ अँपियरपर्यंतचा आकडा दिसतो, आणि जबडा सुमारे ३० मिलिमीटर जाडीची केबल सहज कवेत घेतो. व्होल्ट, ओहम, डायोड आणि सलगता तपासण्याची नेहमीची सोयही त्यात आहे. जबड्याच्या टोकात हॉल सेन्सर असतो. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र आले की पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज तयार होते, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवले, आणि त्याच तत्त्वामुळे एकही तार न सोडता, केबलभोवती नुसता जबडा मिटून डीसी करंट मोजता येतो. खरेदी करताना सर्वांत आधी हेच पाहावे. पुष्कळ क्लॅम्प मीटर जबड्याने फक्त एसी करंट मोजतात आणि डीसी फक्त व्होल्टपुरता देतात. असा मीटर घरच्या वायरिंगला चालेल, गाडीला निरुपयोगी. डायलवर अँपियरच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तरच तो गाडीच्या कामाचा.

साध्या मल्टिमीटरने हे काम का होत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. साधा मल्टिमीटर करंट मोजतो तो स्वतःच्या पोटातून वाहू देऊन, आणि त्याची मर्यादा बहुधा १० अँपियर असते. लहान चार सिलिंडरच्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपियर सहज ओढतो. त्या मार्गात साधा मीटर लावला तर त्याचा फ्यूज तत्क्षणी जाईल, आणि फ्यूज नसेल तर मीटरच जळेल. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. सेल्फच्या मार्गातील एखाद्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम असला, तर साध्या मीटरच्या ओहम पल्ल्यावर तो शून्यच दिसतो, सलगतेची शिट्टीही व्यवस्थित वाजते आणि सांधा निर्दोष ठरतो. पण त्याच सांध्यातून १५० अँपियर वाहू लागले की तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे बारा व्होल्टांच्या व्यवस्थेतला आठवा हिस्सा. म्हणून जाड केबलींचा दोष ओहममध्ये शोधायचा नसतो. भरपूर करंट वाहत असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोके लावून व्होल्टची घट मोजायची असते. क्लॅम्प मीटरचा खरा लाभ इथेच आहे: घट किती आणि ती किती अँपियरला, हे दोन्ही कळल्यावर अंदाजाला जागा उरत नाही.

पहिली चाचणी थंड इंजिनावर घेतली. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन पेटू नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक तार काढलेली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विसावलेल्या अवस्थेत १२.६ ते १२.७ दाखवते आणि १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी रिकामी, हे लक्षात घेता आकडा बरा होता. सेल्फ मारताना करंट १४० अँपियर आणि बॅटरीवर १०.७ व्होल्ट राहिले. सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे, तेव्हा इथवर सारे ठीक होते. गॅरेजमध्येही हेच दिसले असणार.

मग गाडी तासभर चालवली, बंद केली, बॉनेट न उघडता पंधरा मिनिटे थांबलो आणि तेच मोजमाप पुन्हा घेतले. बंद केल्यावर पाण्याचे आणि हवेचे वाहणे थांबते, त्यामुळे बॉनेटखालचे तापमान पहिली काही मिनिटे उलट चढते. गरम गाडीचा दोष पकडायचा तर हीच वेळ साधावी लागते. सेल्फ रखडत फिरला. मीटरवर आकडा होता ११५ अँपियर, आणि बॅटरीवर चक्क ११.० व्होल्ट. या दोन आकड्यांनी माझ्या मनातला वर्षभराचा गोंधळ मिटवला. सेल्फचे गुंडाळे शॉर्ट असते, बुश घासत असते किंवा इंजिनच जड फिरत असते, तर करंट वाढायला हवा होता आणि त्याच्या ओढीने बॅटरीचे व्होल्टेज कोसळायला हवे होते. बॅटरी अशक्त असती तर करंट बेताचा असूनही व्होल्टेज खाली गेले असते. येथे करंट कमी, बॅटरी निवांत आणि सेल्फ मात्र उपाशी. म्हणजे बॅटरी देत होती, सेल्फ घ्यायला तयार होता, पण वाटेत कोणीतरी अडवत होते. बदललेली बॅटरी आणि उघडलेला सेल्फ, दोन्ही निर्दोष होते.

पुढचे काम मीटरच्या साध्या व्होल्ट पल्ल्याचे. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) धरून, घट ०.४ व्होल्ट भरली. अर्धा व्होल्ट चालतो, म्हणून ही बाजू सोडली. ऋण बाजूला एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर लावून सेल्फ मारला तर १.९ व्होल्ट. या बाजूला ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. मग टोके एकेक पाऊल पुढे सरकवली. खांबापासून गाडीच्या बॉडीपर्यंत ०.१, बॉडीपासून ब्लॉकपर्यंत १.८. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते आणि रबर वीज वाहत नाही, त्यामुळे बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थची पट्टी हाच परतीचा एकमेव राजमार्ग असतो. ती पट्टी गियरबॉक्सच्या खालच्या अंगाला, तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली होती. बोल्टापासून लगपर्यंत (पट्टीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपर्यंत) ०.०५ व्होल्ट, आणि लगपासून अवघ्या दोन बोटांवर असलेल्या विणीपर्यंत १.७. बोल्ट घट्ट होता, लग चकचकीत होता. दोष दोघांच्याही आत, लगने विणीला जिथे दाबून धरले आहे तिथे होता. चाचणीनंतर लगला बोट लावले तर चटका बसला. पट्टी काढून लग चिरून पाहिला तेव्हा आतले तांबे काळपट-हिरवे झालेले होते आणि अनेक तारा नुसत्या टेकून होत्या. थंड असताना या तारांना पुरेसा स्पर्श मिळत असावा. गरम झाल्यावर लग पसरून पकड सुटत असावी. शिवाय तांब्याचा स्वतःचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यावर तीस टक्क्यांच्या आसपास. सेल्फच्या गुंडाळ्यांनाही हा नियम लागू आहे. गरम सेल्फ थंड सेल्फपेक्षा थोडा मंद असणे स्वाभाविकच. त्यात वाटेतला दोष मिसळला की गाडी अडते.

नवी पट्टी, दोन्ही टोकांना रंग खरवडून उघडे केलेले धातू, आणि वरून गंजरोधक ग्रीस. गरम इंजिनावर पुन्हा मोजले: ऋण बाजूची घट ०.१२ व्होल्ट, करंट १२५ अँपियर, बॅटरीवर १०.६, आणि सेल्फ थंड असताना फिरतो तसाच.

चार्जिंगच्या तक्रारीतही हीच पट्टी गुंतलेली निघाली, आणि या मीटरविषयी मला विशेष आदर वाटतो तो त्यामुळे. अल्टरनेटर इंजिनावर बसवलेला असतो, म्हणून त्याने निर्माण केलेला सगळा करंट परत जाताना याच पट्टीतून जातो. पट्टी बदलण्याआधी गरम इंजिनावर, मिनिटाला २००० फेऱ्यांवर, हेडलाइट लावून मोजलेले आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. अल्टरनेटरचा करंट २२ अँपियर. त्याच्या स्वतःच्या टोकावर, त्याच्याच धातूच्या अंगाशी तुलना करता, १४.१० व्होल्ट, आणि मागे बॅटरीवर फक्त १३.४९. मधले ०.६१ व्होल्ट कुठे गेले? ०.३६ अर्थच्या पट्टीत आणि ०.२५ धन बाजूच्या तारेत. अल्टरनेटर आपल्या जागी चोख काम करत होता. त्याचा रेग्युलेटर स्वतःच्या टोकावरचे व्होल्टेज पाहून थांबणारा आहे, त्यामुळे मागे बॅटरीपर्यंत किती पोचते याची त्याला कल्पनाच नसते. बॅटरीला चार्ज होताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. दररोज अर्धा व्होल्ट कमी मिळत राहिला तर ती कधीच काठोकाठ भरत नाही आणि पत्र्यांवर सल्फेट साचत जाऊन नवी बॅटरीही अकाली म्हातारी होते. पट्टी बदलून आणि अल्टरनेटरमागचे सैल झालेले चपटे कनेक्टर साफ करून घट्ट केल्यावर हीच घट ०.०२ आणि ०.१२ झाली, आणि बॅटरीवर १३.९६ व्होल्ट दिसू लागले. जो अल्टरनेटर बदलायचा होता तो आजही गाडीत आहे.

अल्टरनेटरमध्ये एसीचे डीसी करणाऱ्या डायोडची शंकाही याच मीटरने फिटते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट पल्ला लावावा. डायोड शाबूत असतील तर आकडा दशांशातच राहतो आणि अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर एखादा डायोड गेलेला समजावा. एक गोष्ट मात्र मीटर लावण्याआधी डोळ्यांनी पाहायची: किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का. त्या काळच्या अनेक अल्टरनेटरांना चुंबकत्वाचा पहिला धक्का त्या छोट्या दिव्यातूनच मिळतो. दिवा गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही कमी फेऱ्यांवर जागा होत नाही, आणि पुष्कळ निरोगी अल्टरनेटर या एका दिव्यापायी काढले जातात.

डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरआधीच्या जुन्या जनित्राच्या, गाड्यांसाठी आकड्यांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. अल्टरनेटर प्रवासी गाड्यांत रुळला तो १९६० पासून, क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीपासून पुढे. त्याआधीच्या आणि नंतरच्याही काही वर्षांच्या गाड्यांत डायनॅमो आणि कट-आउट (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणारा स्विच) आहे. लुकासचा सी४०-१ डायनॅमो पूर्ण जोरावर २२ अँपियर देतो आणि मंद फेऱ्यांवर जवळजवळ काहीच देत नाही. तेथे इंजिन मंद चालू असताना बॅटरीच्या केबलवर उणे आकडा दिसला तर तो दोष नव्हे. अशा अनेक गाड्यांची अर्थिंग धन टोकाची असते, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेव्हा जबड्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे हे नीट पाहून मगच अधिक-उणे ठरवावे.

गाडी उभी असताना होणारी गळती शोधणे हे तिसरे काम, आणि येथे मीटरच्या मर्यादा दिसू लागतात. डिकी उघडून बॅटरीच्या केबलवर जबडा मिटला तर ०.४२ अँपियर. एवढी गळती दोन दिवसांत २० अँपियर-तास खाऊन टाकते, म्हणजे माझ्या बॅटरीची जवळपास निम्मी क्षमता. पण डिकी उघडली की तिचा पाच वॉटचा दिवा लागतो आणि त्याचा करंट बरोबर तेवढाच. दिव्याचे बटण बोटाने दाबून धरले, आकडा शून्यावर आला, आणि काही दिवस मी निश्चिंत राहिलो. बॅटरी तरीही उतरत होती. शेवटी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो मीटरसमोर ठेवला आणि डिकी बंद केली. चित्रफितीत दिवा लख्ख जळत होता आणि मीटर ०.४२ वर स्थिर होता. झाकण बटणापर्यंत पोचतच नव्हते. कदाचित कित्येक वर्षांपासून. बटणाखाली जाड वॉशर घातल्यावर ही तक्रार संपली.

त्याहून बारीक गळतीला मात्र हा मीटर पुरत नाही. रेडिओची स्मृती टिकवण्यासाठी लागणारे आठ-दहा मिलिअँपियर त्याच्या किमान आकड्याच्याही खाली जातात. यावर एक जुनी युक्ती चालते: बारीक तारेचे दहा वेढे जबड्यातून घेतले की आकडा दहापट दिसतो आणि मग दहाने भागायचे. बॅटरीच्या जाड केबलला हे करता येत नाही. ती सोडून मध्ये दहा वेढ्यांची तार जोडावी लागते, आणि ती जोडलेली असताना किल्लीला हातही लावायचा नाही, कारण सेल्फचा करंट त्या तारेला वितळवेल. हॉल सेन्सरचा शून्यही सतत सरकतो. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे मीटर नुसता फिरवला तरी आकडा बदलतो, आणि दीडशे अँपियरचे मोजमाप घेतल्यावर जबड्यात थोडे चुंबकत्व उरते. म्हणून प्रत्येक मोजमापाआधी, ज्या जागी आणि ज्या कोनात मोजायचे त्याच जागी, जबडा रिकामा मिटून शून्याचे बटण दाबणे अनिवार्य आहे. ही सवय लागेपर्यंत पहिला आठवडाभर माझे लहान आकडे सगळे चुकीचे होते.

इतर उणिवा वापराच्या आहेत. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, नेमका गरम गाडीची वाट पाहण्याच्या वेळात, आणि नोंदवलेला किमान आकडा पुसला जातो. किमान-कमाल नोंदवण्याचा वेगही मंद आहे: सेकंदाला तीन नोंदी. सेल्फ लागतानाची पहिली खोल घसरण त्यात सापडेलच असे नाही, म्हणून सेल्फ चार-पाच सेकंद स्थिर फिरू द्यावा आणि तेव्हाचा आकडा धरावा, मात्र एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही. सोबतच्या तारा मीटरभर लांबीच्या आहेत. डिकीतल्या बॅटरीपासून इंजिनापर्यंत पोचण्यासाठी मला चार मीटरची वेगळी तार आणि दोन चिमटे घ्यावे लागले. पडद्याचा दिवा फार लवकर विझतो. जबड्याचा स्प्रिंग मात्र कणखर आहे, वर्षभर तेलकट हातांनी वापरूनही मिटण्यात फट पडलेली नाही, आणि ही बाब महत्त्वाची, कारण केसभर फट राहिली तरी आकडा खोटा येतो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे ती स्वतः हाताळतात, त्यांनी सेल्फच्या नव्या ब्रशआधी हा मीटर घ्यावा, असे मी निःशंकपणे म्हणेन. आधुनिक, इलेक्ट्रॉनिक यंत्रणांनी भरलेल्या गाडीची मिलिअँपियरमधली गळती ज्यांना शोधायची आहे, त्यांनी अधिक सूक्ष्म पल्ल्याचा मीटर पाहावा.

गेल्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा एकदा गरम असताना सुरू होईना, आणि तेव्हा मीटरचा उपयोग झाला तो दोष वगळण्यासाठी. करंट १२५, बॅटरीवर १०.६, सेल्फ जोमात, पण इंजिन पेट घेत नव्हते. विजेची जाड बाजू दोन मिनिटांत निर्दोष ठरली. कॉइलचा प्राथमिक रोध गरम असतानाही जागेवर होता, ठिणगी निळी आणि दणकट पडत होती. प्लग काढले तर ओले. माझ्या गाडीत कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर बसतात. इंजिन बंद केल्यावर ती उष्णता फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतले) पेट्रोल उकळवते आणि ते इनटेकमध्ये सांडते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, पंप न करता, सेल्फ मारला तेव्हा सहाव्या-सातव्या सेकंदाला इंजिन पेटले. घरी येऊन कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामधला उष्णतारोधक पत्रा काढून पाहिला; त्याच्या पाठीवरचे इन्सुलेशन निम्म्याहून अधिक झडून गेले होते, आणि ते पुन्हा चिकटवून बसवले आहे.